तव्यावर बेरितचं नाव

हॉस्पिटलमधून आईला घरी आणताना तोर्गाइरनं गाडी अंगणात वळवली आणि हाल्दिसला सगळ्यात आधी दिसला तो तवा.

चुलघराच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर, दोन लोखंडी आकड्यांवर तो टांगला होता. एक माणूस मांडी घालून आरामात बसेल एवढा तो बिडाचा तवा. त्याला काळाकुळकुळीत ऑइलपेंट फासला होता आणि त्यावर पांढऱ्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'बेरितची खोली'.

"कसं वाटतंय?" तोर्गाइर म्हणाला. "मुद्दाम सांगितलं नव्हतं तुला. म्हटलं, आली की बघेल."

हाल्दिस बघत होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती इतके दिवस पडून होती, तेव्हा छताकडे बघत तिनं एकच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा लावून पाहिली होती. नोव्हेंबरात घरी जायचं, बटाटे तळघरात आलेले असतील, चुलघरात जाळ करायचा आणि नाताळची लेफ्सा, बटाट्याची ती मोठी पातळ पोळी, भाजायची. कुबडी घेऊन उभं राहून लाटता येईल का, की उंच स्टूल लागेल, इथपर्यंत तिचा विचार झाला होता. तवा भिंतीवर असेल हे काही तिनं धरलं नव्हतं.

"आत तर चल," तोर्गाइर म्हणाला आणि पुढे होऊन त्यानं दार उघडलं.

आत पलंग होता. त्यावर पांढरी चादर, मेंढीचं कातडं, आणि उशा, उशा, उशा. जिथे पिठाची कोठी असायची तिथे छोटा फ्रिज. लांबलचक भाजणीचं टेबल भिंतीला सरकवून त्यावर कॉफीचं यंत्र आणि पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही. चूल मात्र ठेवली होती, कारण शहरातून भाड्यानं राहायला येणाऱ्या लोकांना उघडा जाळ आवडतो. आणि चुलीवरच्या भिंतीला, दोन खिळ्यांवर, तिचं लाटणं. खाचांचं, बर्चच्या लाकडाचं, मधोमध हातानं झिजून किंचित बारीक झालेलं. ते काचेसारखं चमकत होतं.

"वॉर्निश मारलंय," तोर्गाइर म्हणाला. "दोन हात. आता शंभर वर्षं काही होत नाही त्याला."

त्याच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, बदकाचा तो पंख होता, ज्यानं भाजलेल्या लेफ्सेवरचं सुकं पीठ झाडायचं.

"मला पडायचंय," हाल्दिस म्हणाली.

तोर्गाइरला वाटलं, प्रवासानं दमली. त्यानं तिला हाताला धरून मागच्या छोट्या घरात नेलं, जिथे ती नवरा क्नुत गेल्यावर, सगळं शेत मुलाच्या नावावर करून राहायला आली होती. ब्रेक्कावर, त्यांच्या या शेतावर, पिढ्यान्पिढ्या असंच होत आलंय. तरुणांनी मोठ्या घरात जायचं, म्हाताऱ्यांनी मागच्या. जंगल दिलं, गोठा दिला, ट्रॅक्टर दिला. त्या वेळी ती एवढंच म्हणाली होती, "चुलघर माझ्याकडे राहू दे." आणि तोर्गाइर हसून म्हणाला होता, "अगं आई, ते तुझंच आहे की." कागदावर कशाला लिहायचं? पोटचा मुलगा.

 

*

हाल्दिस तळ्यापलीकडच्या एका लहानशा शेतावरून बाविसाव्या वर्षी ब्रेक्काला लग्न होऊन आली. वाल्द्रेस खोऱ्याच्या त्या अंगाला ब्रेक्का म्हणजे मोठं नाव, आणि ब्रेक्कावर बेरित, तिची सासू, म्हणजे शेवटचा शब्द. हाल्दिस सासूला 'आई' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. तिची सून इंग्विल तिला सरळ नावानं हाक मारते, त्याचं तिला काही वाटत नाही. काळ बदलतो.

पहिल्याच नोव्हेंबरात बेरितनं तिला चुलघरात नेऊन लांब, पातळ काठी हातात दिली होती. "काठी तुझी. लाटणं माझं."

म्हणजे लाटायची बेरितनं. ती पातळ, थरथरती, तव्याएवढी लेफ्सा हाल्दिसनं काठीवर उचलायची, तव्यावर अलगद उलगडायची, फोड आले की काठी खालून सरकवून उलटायची. भोक पडलं की बेरित काठीकडे बघायची, जरी भोक लाटतानाच पडलेलं असलं तरी. आणि चुलघराचा नियम असा की भोकाची लेफ्सा तव्यापाशी उभी असेल तिनं खायची. तिथेच, उभ्यानं, कोरडी. लोणी आणि साखर लावलेली टेबलावरच्यांसाठी. किती वर्षं हाल्दिसनं भोकाच्या लेफ्सा खाल्ल्या. धुरानं डोळे चुरचुरत, एक पाय दुसऱ्यावर घासत.

मग एका नोव्हेंबरात बेरितची मनगटं गेली. तिनं सांगितलं नाही, सांगणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिनं लाटणं टेबलावर हाल्दिसच्या बाजूला ठेवलं, काठी उचलली आणि तव्यापाशी जाऊन उभी राहिली. हाल्दिसनं पहिली लाटली तिला हाताएवढं भोक पडलं. बेरितनं ती भाजली, दुमडली आणि उभ्यानं खाऊन टाकली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

त्या घरात हाल्दिसला मिळालेला मान तो तेवढाच. नावानं काही नव्हतं तिच्या. दूध क्नुतच्या नावानं डेअरीत जायचं, जमीन क्नुतची, चर्चमधला बाकसुद्धा ब्रेक्काचा. पण नोव्हेंबर आला की चुलघरात ती म्हणेल तेव्हा जाळ व्हायचा आणि ती म्हणेल तेव्हा विझायचा. क्नुत लाकडं आणून उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि विचारायचा, "अजून?"

*

दुसऱ्या दिवशी शेजारची आस्तरी आली. हातात वेलदोड्याचे पाव, तोंडावर ते हसू, जे हाल्दिसला शाळेपासून माहीत होतं.

"मी खोली बुक करायला आले होते," आस्तरी म्हणाली. "पण उशा बघून घाबरले. सहा उशा आणि माणसं दोन. बाकीच्या चार काय बटाट्यांना?"

"बस. गप्प बस."

"बसू का गप्प बसू?"

हाल्दिसनं कॉफी ओतली. कपाबाहेर सांडली.

"तवा पाहिलास?" तिनं विचारलं.

"पाहिला. तुझ्या सासूचं नाव बघून मी सवयीनं कोट नीट केला." मग आस्तरी जरा थांबली. "घासलाय गं त्यानं. तारेच्या ब्रशनं. मी रस्त्यानं जात होते तेव्हा तो अंगणात बसून घासत होता. मला म्हणाला, गंज काढतोय."

"तो गंज नव्हता."

"मला माहितीये."

"त्या तव्याला कधी पाणी लागलं नाही. बेरितच्या सासूनं पाणी लावलं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायचा, बस. ते काळं तुळतुळीत काय एका दिवसात येतं?"

"मला कशाला सांगतेस? त्याला सांग."

आस्तरीनं पाव तिच्यापुढे सरकवला.

"माझा विजेचा तवा घेऊन जा. बटण दाबलं की गरम. स्वयंपाकघरात, बसल्या बसल्या."

"आणि त्यावर तू जे भाजतेस त्याला लेफ्सा म्हणायचं?"

"नवरा खातो."

"तुझा नवरा मांजराच्या ताटलीतलंही खाईल."

"खाल्लंय त्यानं," आस्तरी शांतपणे म्हणाली. "पण हाल्दिस, तू माझ्यावर चिडू नकोस. मी जवळ आहे म्हणून माझ्यावर चिडतेस. जिथे चिडायचं तिथे जा."

आस्तरी गेल्यावर हाल्दिस खिडकीत बसली. तोर्गाइर अंगणात बर्चची लाकडं रचत होता. चुलघराच्या भिंतीला, दिसायला छान दिसावीत अशी, सगळी एका मापाची. शुक्रवारी पहिले पाहुणे यायचे होते, ऑस्लोहून. ती बघत राहिली आणि तिचा राग तापत गेला, ओल्या लाकडासारखा, आधी नुसता धूर.

*

गुरुवारी सकाळी तिनं तळघरातून बटाटे मागवले. तोर्गाइरनं मुकाट्यानं पोतं आणून ठेवलं. आईला बटाट्याचं सूप करायचं असेल. दुपारी इंग्विल औषधं द्यायला आली तेव्हा मागच्या घराच्या सगळ्या काचांवर वाफ होती आणि चारही शेगड्यांवर पातेली होती.

"हाल्दिस, अगं काय चाललंय? एवढे बटाटे?"

"लेफ्सेचे."

"इथे भाजणार?"

"नाही."

इंग्विल काही बुद्दू नव्हती. तिनं औषधांचा डबा ठेवला आणि खुर्ची ओढली. "हे बघ. मला माहितीये तुला ते आवडलं नाही. पण दुधावर हे शेत चालत नाही, तू स्वतः चालवलंयस, तुला मी काय सांगू. मी दिवसभर नगरपालिकेत काम करते आणि परत येऊन पडदे शिवले. मी काही मजा म्हणून शिवले नाहीत."

"पडदे चांगले झालेत," हाल्दिस म्हणाली. ते खरं होतं. "धर, हे सोल. गरम असतानाच निघतात सालं."

इंग्विलनं चार सोलले, बोटं भाजली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "पण हे उकडले म्हणजे उद्या..."

"उद्याच. उकडून, वाटून ठेवलेला बटाटा एक रात्र थांबतो, जास्त नाही. पाणी सुटतं."

"उद्या पाहुणे येताहेत."

"बटाट्यांना माहीत नाही ते."

इंग्विल उठली. दार लावताना ते जरा जोरात लागलं. हाल्दिसला बरं वाटलं. निदान कोणाचा तरी आवाज झाला.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं कुबडी टेकत चुलघरात जाऊन लाटणं काढलं आणि फुटक्या काचेच्या धारेनं वॉर्निश खरवडायला बसली. वरचं निघालं, पिवळ्या भुश्शासारखं मांडीवर पडत राहिलं. खाचांतलं निघेना. प्रत्येक खाचेत एक चमकती रेघ चिकटून बसली होती. ती टोचत राहिली, कुरतडत राहिली, आणि एका ठिकाणी काच घसरून खाचेची कडच उडाली. तेव्हा हाल्दिसनं काच खाली ठेवली. तिला रडू आलं नाही. तिला कोणाला तरी मारावंसं वाटलं.

घरी येताना तिनं चुलघराला कुलूप लावलं आणि दारावर पाहुण्यांसाठी लावलेल्या पेटीतली किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली.

*

शुक्रवारी तोर्गाइर जाळ करायला आला तेव्हा चुलघराचं दार उघडं होतं. हाल्दिस पलंगाच्या कडेला बसली होती, कुबडी उशांवर टेकलेली, आणि पांढऱ्या चादरीच्या मधोमध वाटलेल्या बटाट्याची भलीमोठी परात.

"आई."

"तवा उतरव."

"आई, ते लोक दुपारी येतायत."

"येऊ देत. तुमच्या पलंगावर झोपतील. तुम्ही माळ्यावर झोपा. तवा उतरव, मला उचलत नाही."

तोर्गाइरनं टोपी काढली, परत घातली. तो त्याच्या बापासारखा होता, रागावला की कपड्यांशी खेळायचा. "मी तुला विजेचा घेऊन देतो. चांगल्यातला. आजच जाऊन आणतो."

"मी विजेचा मागितला का?"

"तू काहीच मागत नाहीस, तोच तर प्रॉब्लेम आहे. काही बोलत नाहीस. आल्यापासून एक शब्द बोललेली नाहीस. आम्ही काय चोरी केली? पडकी खोली होती, वर्षातून एकदा वापरात. छत गळत होतं ते मी केलं. स्वतःच्या हातानं."

"छत चांगलं केलंस."

"मग?"

"मला विचारलंस का?"

"तू हॉस्पिटलमध्ये होतीस."

"हॉस्पिटलमध्ये होते, मेले नव्हते. फोन होता उशाशी. रोज करायचास. जेवण कसं आहे, नर्स बऱ्या आहेत का, बर्फ पडला का. हातात तारेचा ब्रश घेऊन विचारायचास, जेवलीस का."

तोर्गाइर जमिनीकडे बघू लागला.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," हाल्दिस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "ते तुला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाहीस. सरप्राइज म्हणे. मी लंगडी होऊन पडले ते बरं झालं तुम्हाला."

"असं नको बोलू."

"का? खोटं आहे?"

बाहेर कोंबड्या लाकडांच्या रचलेल्या भिंतीपाशी उकरत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "खोटं नाही."

"आणि नाव बेरितचं."

"जुनं नाव आहे, आई. लोकांना तसलं आवडतं. आजीचं वगैरे." तो अडखळला. "तू अजून आहेस ना. जिवंत माणसाचं नाव कसं लावायचं?"

हाल्दिस एकदम हसली. त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "या खोलीत मी तिच्या हाताखाली उभी राहिले, तिच्यानंतर माझ्या हातांनी तुला वाढवलं, तुझ्या लग्नाच्या दोनशे लेफ्सा इथे लाटल्या. आणि पाटी लागायला मला आधी मरायला हवं. बरं. मी सांगते, माझंही नाव नकोय मला तिथे. तवा लिहायची वस्तू नाही. तवा तापवायची वस्तू आहे. उतरव."

त्यानं उतरवला.

अंगणात मोठा जाळ केला आणि तवा त्यावर टाकला. ऑइलपेंट आधी फुगला, मग त्याला फोड आले, मग घाणेरडा काळा धूर निघून तळ्यापर्यंत गेला. 'बेरितची खोली'मधलं 'बेरित' शेवटपर्यंत दिसत राहिलं. जायचं नाव घेईना. हाल्दिस कुबडीवर रेलून बघत होती आणि पुटपुटली, "हो हो, कळलं. तुम्ही अशाच होतात." मग वाळूनं घासणं, मग पुन्हा जाळ, मग डुकराच्या चरबीचा तुकडा घासून पुन्हा जाळ. तोर्गाइर घामानं निथळला. इंग्विल मोठ्या घराच्या पायरीवर हात बांधून उभी होती. काही वेळानं ती आत गेली आणि माळ्यावरच्या गाद्या झटकल्याचा आवाज येऊ लागला. रागानं झटकत होती, पण झटकत होती.

पाहुणे आले तेव्हा चुलीवर तवा चढला होता आणि पलंग उभा करून भिंतीला लावला होता. एक तरुण जोडपं, चाकांच्या बॅगा चिखलात रुतलेल्या.

"अय्या, हे तर खरंखुरं आहे," ती मुलगी म्हणाली. "आम्ही फोटो काढू का?"

"दार लावा," हाल्दिस म्हणाली. "वारा आला की पीठ उडतं."

ती दोघं दाराशी चिकटून उभी राहिली. हाल्दिसनं उंच स्टुलावर टेकून पहिला गोळा लाटायला घेतला. बटाटा चांगला होता, पिठूळ, मुठीत दाबला की मोडणारा. त्यात पीठ थोडंच, जेवढ्यानं जमेल तेवढंच. पण प्रत्येक वळशाला लाटणं एका जागी अडायचं, वॉर्निशच्या त्या रेघांपाशी, आणि कणीक तिथे ओढली जायची. पहिली तव्याला चिकटून फाटली. चुलीत. दुसरीला रंगाचा वास. चुलीत. तिसरीही.

"काठी घे," ती तोर्गाइरला म्हणाली.

"मी? मला येत नाही."

"मलाही येत नव्हती."

त्यानं काठी घेतली. मोठे, गाई दोहायचे हात. चौथी लेफ्सा त्यानं कशीबशी तव्यावर उलगडली, अर्धी सुरकुतली. तपकिरी ठिपके उमटले, भाजलेल्या बटाट्याचा तो वास, जो हॉस्पिटलच्या खोलीत हाल्दिसनं नुसता आठवून आठवून घेतला होता, सगळ्या खोलीत पसरला. त्यानं उलटली. मधोमध मूठभर भोक होतं. लाटतानाच पडलेलं, लाटणं अडलं होतं तिथलं.

हाल्दिसनं ते पाहिलं. काठीकडे बघायचा मोह तिला झाला, पण ती लाटण्याकडेच बघत राहिली.

"ही मी घेऊ का?" पाहुणी मुलगी पुढे झाली. "तुटलेली चालेल मला."

"नाही," हाल्दिस म्हणाली. "भोकाची त्याची आहे."

"लोणी?" तोर्गाइरनं विचारलं.

"कोरडी. उभ्यानं."

त्यानं आईकडे पाहिलं. त्याला तो नियम माहीत होता, लहानपणी त्या टेबलाखाली बसून त्यानं बघितला होता. त्यानं लेफ्सा दुमडली आणि उभ्यानं खाऊ लागला, धुरानं डोळे मिचकावत. हाल्दिस ती संपेपर्यंत बघत राहिली. चेहऱ्यावरची रेघ तिनं हलू दिली नाही.

"अजून?" त्यानं विचारलं.

तिनं पुढचा गोळा पिठात टाकला आणि लाटणं उचललं. ते पुन्हा त्याच जागी अडलं.